भाड्याच्या घरातील अपघाती नुकसान : भरपाई कोणी करावी?

संत पौल रोममध्ये दोन वर्षे स्वतः भाडे भरून घेतलेल्या घरात राहिले आणि भेटीस येणाऱ्या प्रत्येकाचे त्यांनी तेथे स्वागत केले, अशी नोंद ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या अगदी शेवटी आढळते. ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या इतिहासातील एक मोलाचे पान असे भाड्याच्या घरात लिहिले गेले. आज नागपूर महाधर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. कोणी नोकरीसाठी खेड्यातून आलेले, कोणी रेल्वेतून बदली होऊन आलेले, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी आलेले. दुसरीकडे, घराचा एक मजला भाड्याने देऊन त्या उत्पन्नावर निवृत्तीनंतरचे दिवस काढणारे वृद्धही आपल्याच धर्मग्रामांत आहेत. रविवारच्या मिस्साबलिदानाला हे दोघेही एकाच बाकावर बसतात. म्हणूनच घरातील नुकसानीवरून त्यांच्यात वाद झाला, की तो केवळ पैशांचा वाद राहत नाही.

काही काळापूर्वी अशीच दोन कुटुंबे धर्मग्रामाच्या कार्यालयात आमच्यासमोर बसली होती. घरमालकीण निवृत्त शिक्षिका. तळमजल्यावर एकट्याच राहत. वरच्या मजल्यावरील भाडेकरू दांपत्य रुग्णालयात नोकरीला. मे महिन्यातील एका संध्याकाळी नळाला पाणी नव्हते. कूलरची टाकी भरण्यासाठी नळाला लावलेली रबरी नळी तशीच राहिली, तोटी उघडीच राहिली आणि दोघेही रात्रपाळीला गेले. मध्यरात्री पाणी आले. सकाळपर्यंत वरच्या खोलीत घोट्याएवढे पाणी साचले होते. दाराची लाकडी चौकट फुगली, खालच्या खोलीच्या छताचा गिलावा सुटला आणि विजेच्या बोर्डात पाणी शिरून बाईंचा फ्रिज जळाला. बाईंनी अनामत म्हणून ठेवलेले चाळीस हजार रुपये पूर्णपणे रोखून धरले. भाडेकरूंचे म्हणणे एकच होते : “आम्ही मुद्दाम केले नाही, हा अपघात होता.”

दोन्ही पक्षांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. तरीही महिनाभर ती दोन कुटुंबे एकमेकांची भेट टाळण्यासाठी वेगवेगळ्या वेळच्या मिस्सेला येत होती. ‘अपघात’ हा शब्द उच्चारला की जबाबदारी संपते काय? आणि जबाबदारी असेलच, तर ती किती? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा कायद्याच्या व ख्रिस्ती विवेकबुद्धीच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ लागू आहे. त्यापूर्वी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ सालचा घरभाडे नियंत्रण आदेश चालत असे. घर रिकामे करून घेण्यापूर्वी मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी मिळवावी लागे, हे नागपुरातील जुन्या पिढीला आठवत असेल.

सध्याच्या अधिनियमाच्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

भाडेकरूच्या जबाबदारीचा मूळ नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात, कलम १०८ मध्ये आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर भाडेकरूने घर ताब्यात घेतले त्या वेळी ते जसे होते तशाच चांगल्या स्थितीत परत करावयाचे असते. याला दोन अपवाद आहेत : नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तीने होणारे नुकसान. भाडेकरूच्या किंवा त्याच्या नोकरचाकरांच्या कृतीमुळे वा हयगयीमुळे दोष उद्भवला आणि मालकाने तशी नोटीस दिली, तर तीन महिन्यांच्या आत तो दुरुस्त करून देणे भाडेकरूवर बंधनकारक आहे. याच कलमाने आणखी एक निकष दिला आहे : सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःची मालमत्ता जशी वापरील, तशी भाडेकरूने दुसऱ्याची मालमत्ता वापरावी.

आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. काटेकोरपणे पाहता अशा करारातील परवानाधारक हा ‘भाडेकरू’ नव्हे; त्यामुळे कलम १०८ त्याला थेट लागू होत नाही, करारातील अटी लागू होतात. तथापि निष्काळजीपणाने दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावे, हे सर्वसाधारण तत्त्व तेथेही सुटत नाही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो चुकीचा आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते.

नुकसानीचे तीन प्रकार

पहिला प्रकार झीज. भिंतीचा रंग फिका पडणे, फरशीची चकाकी जाणे, नळाचा वायसर खराब होणे, बिजागरी सैल होणे, कॅलेंडरच्या खिळ्याभोवती लहानसे छिद्र पडणे ही घरात माणसे राहिल्याची खूण आहे. भाडे दिले जाते ते याच वापरासाठी. त्याची वेगळी भरपाई मागणे न्याय्य नाही. परंतु घर सोडताना रंगकाम करून द्यावे अशी अट करारात स्पष्ट असेल आणि भाडेकरूने ती वाचून स्वीकारली असेल, तर ती पाळावी लागेल.

दुसरा प्रकार निष्काळजीपणा. इस्त्री चालू ठेवून बाहेर जाणे, दुधाचे पातेले गॅसवर ठेवून विसरणे, तोटी उघडी ठेवणे, एकाच प्लगवर कूलर, फ्रिज आणि गीझर चालविणे. यांत हेतू वाईट नसतो. पण थोडी दक्षता घेतली असती तर नुकसान टळले असते. येथे भरपाई भाडेकरूने करावयाची असते. घरातील मुलाने चेंडूने काच फोडली, तर “लेकरू आहे” हे खरेच. पण काच वडिलांनीच बसवून द्यावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा कूलरशिवाय घरात राहणे अशक्य होते. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या कूलरची टाकी झिरपत राहते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत भिंत ओलीने पोखरली जाते. हे नुकसान एका रात्रीत झालेले नसते, म्हणून भाडेकरूला ती झीज वाटते. वस्तुतः ती दुर्लक्षित गळती असते. दुसरीकडे, घराच्या वायरिंगला अर्थिंग नसल्यामुळे कूलरच्या पत्र्यात वीज उतरली, तर तो दोष मालकाचा आहे आणि तेथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. वायर सोललेली असेल तर भाडेकरूने ती बदलावी. अर्थिंग नसेल तर मालकाने एक दिवसही विलंब लावू नये.

तिसरा प्रकार अनावर शक्ती : पूर, वादळ, वीज पडणे, दंगलीतील जाळपोळ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट यांसारख्या वस्त्यांत झोपेतील माणसांच्या घरात शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्या असंख्य भाडेकरूंचे संसार चिखलात गेले. अशा प्रसंगी ओल्या भिंती, उखडलेली फरशी, फुगलेली दारे यांची भरपाई भाडेकरूकडून मागता येत नाही. घराचा महत्त्वाचा भाग पूर्णतः नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरार संपल्याचे मानण्याचा पर्यायही कायदा भाडेकरूला देतो. मात्र तो पर्याय त्याने मालकाला कळवावा लागतो. न कळविता नुसते भाडे थांबविणे योग्य नव्हे. घर पंधरा दिवसांत वाळून पुन्हा राहण्याजोगे होणार असेल, तर हा पर्याय मिळत नाही. अशा वेळी भाड्यात काही सूट द्यावी की नाही, हा मालकाच्या औदार्याचा आणि परस्पर बोलणीचा विषय आहे.

याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. पुरात भाडेकरूची गादी, फ्रिज, मुलांची पुस्तके गेली, तर मालकाची चूक नसताना त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही. घराचा विमा मालकाने काढलेला असला, तरी भाडेकरूच्या सामानाला तो सहसा लागू होत नाही. भाडेकरूला केवळ आपल्या सामानाचा विमा स्वतंत्रपणे काढता येतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीतही ही सोय आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तिचा अवश्य विचार करावा.

घरासोबत दिलेल्या वस्तू

कपाट, पलंग, पंखे, वॉशिंग मशीन अशा वस्तू घरासोबत दिलेल्या असतील, तर त्यांना १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम १५१ व १५२ चे तत्त्व लागू होते. दुसऱ्याची वस्तू ज्याच्या हाती सोपविलेली आहे, त्याने सामान्य शहाणपणाच्या माणसाइतकी काळजी घ्यावी. तशी काळजी घेऊनही वस्तू बिघडली आणि करारात वेगळी अट नसली, तर तो जबाबदार ठरत नाही. बारा वर्षे चाललेली मोटार एके दिवशी बंद पडली, तर शेवटच्या दिवशी बटण कोणी दाबले हे विचारण्यात अर्थ नाही.

भरपाई किती?

भरपाई म्हणजे दंड नव्हे. करार अधिनियमाच्या कलम ७३ व ७४ चा आशय असा, की झालेल्या नुकसानीइतकी वाजवी रक्कमच वसूल करता येते. करारात मोठी रक्कम लिहून ठेवली तरी ती केवळ कमाल मर्यादा ठरते. दहा वर्षांचे जुने दार बिघडले, तर नव्या सागवानी दाराची पूर्ण किंमत मागणे अन्यायाचे आहे. एका भिंतीवर डाग पडला, तर संपूर्ण घराच्या रंगाचा खर्च भाडेकरूवर टाकता येणार नाही. अनामत रक्कम ही भाडेकरूचीच असते. मालक तिचा केवळ राखणदार असतो. तिच्यातून काही कापायचे असेल, तर प्रत्येक बाबीचा हिशेब आणि पावती दाखविणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी एका आदर्श भाडेकरी अधिनियमाला मंजुरी दिली. राज्यांनी त्यावरून कायदा करावा अशी अपेक्षा आहे. तो आपोआप कोठेही लागू होत नाही. तरी त्यातील दुरुस्त्यांची वाटणी करार लिहिताना उपयोगी पडते. इमारतीच्या मूळ बांधणीची दुरुस्ती, रंगसफेदी, पाण्याचे पाइप व वायरिंग ही मालकाची जबाबदारी. तोट्या, स्विच, कुलपे, खिडक्यांच्या काचा, नाल्यांची सफाई ही भाडेकरूची. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असेही त्यात सुचविले आहे.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत एक सूचना येथेच देतो. सिलिंडरमुळे अपघात झाल्यास तेल कंपन्यांच्या सामूहिक विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रत्येक घटनेमागे कमाल दोन लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. परंतु ती ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यासाठी आहे. अनेक भाडेकरू घर बदलतात, पण गॅसचा पत्ता बदलत नाहीत. घर बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात वितरकाकडे जाऊन पत्ता बदलून घ्यावा.

पवित्र शास्त्र व विवेकबुद्धी

या विषयावर पवित्र शास्त्र मौन बाळगत नाही, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात असा नियम आहे, की एखाद्याने लावलेली आग काटेरी झुडपांत पसरली आणि शेजाऱ्याच्या धान्याच्या गंजी जळाल्या, तर आग लावणाऱ्याने ते नुकसान भरून द्यावे. शेजाऱ्याचे शेत जाळण्याचा त्याचा हेतू नव्हता. तरीही भरपाई आहेच. त्याच अध्यायात मागून आणलेल्या व भाड्याने आणलेल्या जनावरांत भेद केला आहे. मागून आणलेले जनावर मालकाच्या अनुपस्थितीत जायबंदी झाले तर भरपाई द्यावी. ते भाड्याने घेतलेले असेल तर भाड्यातच ते आले. भाडे घेणाऱ्याने काही जोखीम पत्करलेली असते, हा विचार इतका प्राचीन आहे. अनुवाद ग्रंथात (२२:८) नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, अशी आज्ञा आहे. घर सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही.

कॅथलिक नीतिशास्त्रात संत अल्फान्सस लिगोरी यांच्या परंपरेतील आचार्यांनी अपघाती नुकसानीचा बारकाईने विचार केला आहे. ज्यात माणसाचा काहीही नैतिक दोष नाही अशा नुकसानीची भरपाई देण्यास तो केवळ विवेकबुद्धीने बांधलेला नसतो. परंतु तशी जबाबदारी त्याने कराराने स्वीकारली असेल किंवा न्यायालयाने न्याय्य निर्णय देऊन ती त्याच्यावर ठेवली असेल, तर विवेकबुद्धीनेही तो बांधला जातो. मात्र आपण हयगय करीत आहोत हे ज्याला जाणवत होते आणि तरीही ज्याने दुर्लक्ष केले, त्याने न्यायालयाची वाट पाहू नये. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेच्या विवेचनात करार प्रामाणिकपणे पाळण्यास आणि अन्यायाची भरपाई करण्यास सांगतो (परिच्छेद २४१०–२४१२). घर सोडताना फुटलेली फरशी पायपुसण्याखाली झाकून निघून जाणे आणि मालकाने न झालेल्या नुकसानीसाठी अनामत गिळंकृत करणे, दोन्ही सातव्या आज्ञेविरुद्ध आहेत. हे शब्द लिहिताना, जेथे धर्मग्राम वा आपल्या संस्था स्वतःच घरमालक आहेत, त्यांनाही ते तितकेच लागू आहेत, याची आम्हाला जाणीव आहे.

काय करावे?

१. करार लेखी व नोंदणीकृत करावा. दुरुस्त्यांची वाटणी त्यात लिहावी. वाचल्याशिवाय सही करू नये.

२. ताबा घेताना दोघांनी मिळून घर पाहावे. भेगा, ओल, स्विच, तोट्या, काचा यांची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. अर्ध्या तासाचे हे काम पुढील वैर टाळते.

३. दोष दिसताच मालकाला लेखी कळवावे. मोबाइलवरील संदेशही तोंडी निरोपापेक्षा बरा.

४. नुकसान झाल्यास ते लपवू नये. प्रथम वीज, पाणी, गॅस बंद करावे, छायाचित्रे घ्यावीत आणि त्याच दिवशी मालकाला कळवावे. पूर वा आग असल्यास पंचनामा करून घ्यावा.

५. दुरुस्तीचा अंदाज दोन कारागिरांकडून घ्यावा आणि मगच रकमेची चर्चा करावी.

६. एकमत न झाल्यास धर्मग्रामातील जाणत्या व्यक्तीची मदत घ्यावी. त्यानेही न मिटल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार तेथे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व अल्प उत्पन्न असणाऱ्यांना मोफत विधी साहाय्य मिळते. लोकअदालतीचा मार्गही खुला आहे.

आता आरंभीच्या त्या दोन कुटुंबांकडे वळू. वीजतंत्र्याने बोर्ड उघडून पाहिला तेव्हा वायरिंग फार जुने असल्याचे आढळले. बोर्डातून ठिणग्या येतात, हे भाडेकरूंनी पूर्वी दोनदा तोंडी सांगितले होते. बाईंनीही ते मान्य केले. तोटी उघडी राहिली ही चूक मात्र भाडेकरूंची, हेही त्या दांपत्याने मान्य केले. गिलावा व रंगाचे नऊ हजार आणि चौकटीचे सहा हजार रुपये भाडेकरूंनी द्यावेत असे ठरले. जुन्या फ्रिजची त्या वेळची किंमत पाच हजार धरून निम्मा भार दोघांनी उचलला. एकूण साडेसतरा हजार रुपये कापून साडेबावीस हजार रुपये बाईंनी दोन हप्त्यांत परत केले. वायरिंग त्यांनी स्वखर्चाने बदलले. ते कुटुंब आजही त्याच घरात राहते.

कफर्णहूम येथे चौघा मित्रांनी पक्षाघाती माणसाला प्रभू येशूसमोर नेण्यासाठी कोणाच्या तरी घराचे छप्पर उघडले. त्या माणसाला क्षमा व आरोग्य मिळाले. छप्पर पुन्हा कोणी शाकारले, हे शुभवर्तमान सांगत नाही. त्या चौघांनी घरी परतण्यापूर्वी घरमालकाला हात दिला असावा, असे मानणे आम्हाला आवडते. आपल्या धर्मग्रामांतील मालक व भाडेकरू यांच्यात तसाच प्रामाणिकपणा आणि तसाच जिव्हाळा नांदो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.